बुद्धी वाढवता येते का?

(मिशन रविवारच्या उपासनेनंतर झालेल्या साहाय्यकांच्या सभेत आमच्या कार्यकर्त्या भगिनीने केलेले भाषण. सातपुड्यातील पाड्यांवरच्या बालवाड्यांचे आणि वसतिगृहाचे काम त्या पाहतात. – संपादक)



दरवर्षी या सभेत मी कामाचा अहवाल वाचते. या वर्षी अहवाल छापून तुमच्या हाती दिला आहे आणि मला मिशन समितीने एक प्रश्न दिला आहे. प्रश्न असा की, शिकवून, सराव करून माणसाची बुद्धी वाढते का? की देवाने जन्माच्या वेळी जेवढी दिली तेवढीच शेवटपर्यंत राहते?

हा प्रश्न उगाच आलेला नाही. आपल्या एका साहाय्यक कुटुंबाने वडिलांच्या स्मरणार्थ चांगली मोठी देणगी देऊ केली आहे. वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘मेंदूविकास वर्ग’ सुरू करावा, अशी त्यांची इच्छा आहे. त्याच महिन्यात समितीच्या दुसऱ्या एका सभासदांनी लिहिले की, आदिवासी मुलांना पुस्तकी शिक्षण फारसे झेपत नाही. त्यांना शिवणकाम, सुतारकाम शिकवावे, उगाच दहावी-बारावीच्या मागे लागून पैसा वाया घालवू नये. एकांना वाटते, वर्ग लावला की बुद्धी वाढेल. दुसऱ्यांना वाटते, काहीही केले तरी ती वाढणार नाही. दोघांच्याही मनात मुलांविषयी प्रेम आहे, हे मी जाणते. पण देणगीचा पैसा एकदाच खर्च होतो आणि मुलाच्या आयुष्यातले तिसरे वर्षही एकदाच येते. म्हणून नीट विचार करून बोलते.

मोजपट्टी कशासाठी केली होती?

बुद्धी मोजण्याची पहिली उपयोगी चाचणी फ्रान्समध्ये तयार झाली. १९०४ साली तिथल्या शिक्षणमंत्र्यांनी एक समिती नेमली. शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना वेगळी मदत कशी देता येईल, हे पाहायचे होते. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ या दोघांनी १९०५ मध्ये ३० लहान-लहान कृतींची एक चाचणी बनवली. आज आपण ज्याला बुद्ध्यंक किंवा आयक्यू म्हणतो त्याची सुरुवात इथून झाली.

बिनेचा हेतू लक्षात घ्या. मुलावर कायमचा शिक्का मारण्यासाठी त्याने ही मोजपट्टी केली नव्हती. कोणाला जास्त हात द्यायचा आहे, ते कळावे म्हणून केली होती. बुद्धी ही ठरलेली, न वाढणारी वस्तू आहे असे सांगणाऱ्या विद्वानांचा त्याने १९०९ च्या आपल्या पुस्तकात उघड निषेध केला. मागे पडलेल्या मुलांसाठी त्याने व्यायामही सुचवले. वाकडा पाय सरळ करण्यासाठी जशी कसरत करून घेतात, तशी मनाची कसरत. पुतळा होऊन हलायचे नाही, हा खेळ त्यात होता. त्यातून मूल स्वतःवर ताबा ठेवायला आणि लक्ष द्यायला शिकते. एका पुठ्ठ्यावरच्या वस्तू क्षणभर दाखवायच्या आणि मग आठवून सांगायला लावायच्या, हाही एक होता. आपल्या बालवाडीताया ‘पुतळा-पुतळा’ खेळतात तेव्हा त्या बिनेच्याच वाटेने जात असतात, नाव माहीत नसले म्हणून काय झाले!

१९११ साली बिने वारला. त्याची चाचणी समुद्रापलीकडे अमेरिकेत गेली आणि तिथे तिचा हेतू उलटला. बोटीतून उतरलेल्या परदेशी गरिबांना दुभाष्याच्या मदतीने प्रश्न विचारून त्यांतल्या पुष्कळांना मंदबुद्धी ठरवण्यात आले. पुढे काही राज्यांत असा शिक्का बसलेल्यांची सक्तीने नसबंदी झाली आणि १९२७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला मान्यताही दिली. मदतीसाठी बनवलेली मोजपट्टी माणसाला बाजूला काढण्यासाठी वापरली गेली.

हे मी एवढ्यासाठी सांगते की, ‘याच्या डोक्यात शिरत नाही’, ‘हा ढ आहे’ हे शब्द आपणही किती सहज बोलतो. आमच्या भागातले मूल घरी पावरी, भिली किंवा मावची बोलते. सहाव्या वर्षी शाळेत येते तेव्हा बाई मराठीत विचारतात आणि ते गप्प बसते. ती चुप्पी भाषेची असते. आपण तिला बुद्धीची समजतो.

विकत मिळणारी बुद्धी

आता मेंदूविकास वर्गाकडे येते. देणगी देणाऱ्या कुटुंबाचा मी मनापासून आदर करते, म्हणूनच स्पष्ट बोलते.

सरावाने माणूस सुधारतो, यात शंका नाही. प्रश्न हा आहे की, एका गोष्टीचा सराव केला तर दुसरी गोष्टही सुधारते का? २०१० मध्ये ब्रिटनमध्ये याची मोठी परीक्षा झाली. बीबीसीच्या एका कार्यक्रमाच्या मदतीने ११,४३० माणसांनी सहा आठवडे संगणकावर मेंदूचे खेळ खेळले. जे खेळ ते खेळले त्यांत ते चांगले तरबेज झाले. पण त्या खेळांसारख्याच दिसणाऱ्या, सराव न केलेल्या कामांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. हा अभ्यास ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झाला. २०१६ साली अमेरिकेत अशा खेळांचा धंदा करणाऱ्या ल्युमॉसिटी या कंपनीला फसव्या जाहिरातींच्या आरोपावरून २० लाख डॉलर भरून सरकारशी तडजोड करावी लागली.

आपल्या शेजारचे उदाहरण घ्या. गुजरातमध्ये वडोदऱ्याला प्राथमिक शाळेतल्या २०४ मुलांवर तीन वर्षे एक प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकल्यासारखी मुलांची विभागणी केली. काहींना मणीपाटीचे, म्हणजे अबॅकसचे, मनातल्या मनात हिशेब करण्याचे शिक्षण दिले आणि काहींना तेवढाच वेळ नेहमीचे जादा गणित शिकवले. २०१६ मध्ये निष्कर्ष छापून आले. अबॅकस शिकलेली मुले आकडेमोडीत पुढे गेली. पण त्यांची स्मरणशक्ती, एकाग्रता किंवा सर्वसाधारण बुद्धी इतरांपेक्षा वाढली नव्हती. म्हणजे अबॅकस वाईट नाही. हिशेब शिकवायचे असतील तर जरूर शिकवा. पण ‘मुलाची बुद्धी वाढते’ असे सांगून कोणी फी मागत असेल, तर हात आखडता घ्या.

शेतकऱ्यांना हे चटकन समजते. ज्या वाफ्यात पाणी सोडले तो वाफा भिजतो. पलीकडचा वाफा आपोआप भिजत नाही.

शहरांत तर डोळ्यांवर पट्टी बांधून मुलांना ‘वाचायला’ लावणारे वर्गही निघाले. मेंदूचा मधला भाग जागा करतो असे सांगून पालकांकडून हजारो रुपये घेतले जातात. नाकाजवळच्या फटीतून मूल खाली बघत असते. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्यांनी हे अनेकदा उघड करून दाखवले आहे. यात पैशापेक्षा मोठे नुकसान असे की, मूल मोठ्यांसमोर खोटे वागायला शिकते. आपल्या वसतिगृहात असले काही येऊ नये, ही माझी समितीला नम्र विनंती आहे.

मग बुद्धी वाढते कशाने?

आतापर्यंतचे ऐकून ते दुसरे सभासद म्हणतील, “मी म्हणत होतो ना, वाढत नाही.” पण थांबा. बुद्धी वाढते. ती पुष्कळ वाढू शकते. फक्त ज्या गोष्टींनी वाढते त्यांना दुकानाची पाटी नसते.

पहिली गोष्ट मीठ. गरोदर आईच्या आणि लहान बाळाच्या शरीराला आयोडीन मिळाले नाही, तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. गळ्याला गाठ येते तो गलगंड आपल्याला दिसतो; मेंदूचे नुकसान दिसत नाही. आयोडीनची मोठी कमतरता असलेल्या भागांतल्या मुलांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा सरासरी १२-१३ गुणांनी कमी भरतो, असे अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र केल्यावर दिसले. आपल्या देशात डॉ. रामलिंगस्वामी यांनी १९५६ पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग करून गलगंड कमी होतो हे दाखवले आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आमच्या आठवडे बाजारात अजूनही उघड्या पोत्यातले खडे मीठ विकले जाते. आशाताईंकडे मीठ तपासायची छोटी बाटली असते; थेंब टाकला की आयोडीन असलेले मीठ जांभळे होते, नसलेले पांढरेच राहते. आमच्या बायका हे बघायला गर्दी करतात. पिशवीबंद मीठ घ्या, झाकणाच्या डब्यात ठेवा, चुलीजवळ उघडे ठेवू नका, एवढेच आम्ही सांगतो. कोणत्याही मेंदूवर्गापेक्षा हे स्वस्त आहे.

दुसरी गोष्ट खेळ आणि बोलणे. जमैका नावाच्या बेटावर, किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांत १९८६-८७ मध्ये डॉ. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी एक प्रयोग सुरू केला. ९ ते २४ महिन्यांची, उपासमारीने वाढ खुंटलेली १२९ मुले घेतली आणि त्यांचे चार गट केले. एका गटाला दुधाचा पूरक आहार दिला. दुसऱ्या गटाच्या घरी आठवड्यातून एकदा, एक तासभर, आरोग्यसेविका जाई आणि आईला बाळाशी खेळायला, बोलायला शिकवी. खेळणी घरातल्याच टाकाऊ वस्तूंची असत. तिसऱ्या गटाला दोन्ही मिळाले. चौथ्याला नेहमीची आरोग्यसेवा होती. हे दोन वर्षे चालले. मग त्या मुलांवर ती मोठी होईपर्यंत लक्ष ठेवले. ज्यांच्या घरी ती बाई खेळणी घेऊन जात होती, त्यांचा बुद्ध्यंक सतराव्या-अठराव्या वर्षीही जास्त होता. वीस वर्षांनंतर त्यांची कमाई इतरांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त होती. ज्यांची वाढ कधी खुंटलीच नव्हती अशा मुलांच्या बरोबरीने ती आली होती. ज्यांना नुसता आहार मिळाला, त्यांना सुरुवातीला फायदा झाला, पण तो पुढे टिकला नाही.

आहार नको असा याचा अर्थ नाही. उपाशी बाळ खेळत नाही, हे मी रोज बघते. पण भाकरीबरोबर शब्दही लागतो. रानातल्या परीक्षेच्या वेळी प्रभूने सैतानाला काय उत्तर दिले ते तुम्हाला आठवत असेल.

तिसरी गोष्ट मांडी. रुमानियात अनाथाश्रमांत वाढणाऱ्या १३६ बाळांचा २००० च्या सुमारास अभ्यास सुरू झाला. त्यांतल्या निम्म्यांना चिठ्ठीने निवडून पालनकर्त्या कुटुंबांत ठेवले. साडेचार वर्षांची झाल्यावर, कुटुंबात गेलेल्या मुलांचा बुद्ध्यंक आश्रमात राहिलेल्यांपेक्षा सुमारे आठ गुणांनी जास्त होता आणि जी दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेली त्यांना सर्वांत जास्त फायदा झाला. आश्रमात खाणे-पिणे, कपडे होते. एका बाळाची म्हणून एक मांडी नव्हती.

बंधुभगिनींनो, आपल्या मिशनसाठी यात मोठा धडा आहे. पुष्कळ साहाय्यक मला पत्र लिहितात की, एक अगदी लहान मूल वसतिगृहात घ्या, त्याचा सगळा खर्च आम्ही करतो. भावना फार चांगली आहे. पण चार वर्षांच्या मुलाला त्याच्या आजीच्या मांडीवरून उचलून लोखंडी कॉटवर निजवणे, याला मी सेवा म्हणणार नाही. तो खर्च त्या आजीच्या झोपडीपर्यंत पोचू द्या.

चौथी गोष्ट शाळेचे वर्ष. नॉर्वेमध्ये सक्तीचे शिक्षण सात वर्षांवरून नऊ वर्षांवर नेले तेव्हा, सैन्यभरतीच्या वेळी १९ वर्षांच्या मुलांची जी चाचणी होते, तिच्यावरून दिसले की, शाळेच्या प्रत्येक जादा वर्षाने बुद्ध्यंक साडेतीन गुणांहून जास्त वाढला. २०१८ मध्ये अशा ४२ पाहण्या एकत्र केल्या गेल्या. सहा लाखांहून अधिक माणसांची माहिती त्यांत होती. शाळेचे एक वर्ष १ ते ५ गुण वाढवते, असा निष्कर्ष निघाला. तेव्हा बुद्धी वाढवणारा वर्ग कुठे आहे म्हणाल, तर तो आहे. त्याचे नाव पहिली, दुसरी, तिसरी, चौथी.

आणि इथेच आमचे दुखणे आहे. दिवाळी झाली की आमच्या पाड्यांवरून ट्रक भरतात. आई-बाप ऊसतोडीला जातात, बरेचसे गुजरातेत. मागे कोण सांभाळणार म्हणून मुलेही जातात. होळीला काही परत येतात, काही त्याहून उशिरा. पटावर नाव पाच वर्षे असते. शाळा मिळते जेमतेम अडीच वर्षे. मग पाचवीत त्या मुलाला जोडाक्षर वाचता आले नाही की आपण म्हणतो, याच्या डोक्यात शिरत नाही. अहो, डोके शाळेत होते कुठे? ते उसाच्या फडात होते, धाकट्या भावाला राखत बसले होते.

बी आणि जमीन

कोणी विचारेल, रक्तातून काहीच येत नाही का? येते. एकाच घरातली, एकच भाकरी खाल्लेली दोन मुले सारखी नसतात, हे प्रत्येक आईला माहीत आहे. आनुवंशिकतेचा वाटा आहेच. पण न्यूझीलंडचे प्राध्यापक जेम्स फ्लिन यांनी अमेरिकेतल्या जुन्या चाचण्या तपासल्या तेव्हा १९३२ ते १९७८ या काळात तिथल्या लोकांचे गुण जवळजवळ १४ ने वाढलेले दिसले. शेहेचाळीस वर्षांत एका देशाचे रक्त बदलत नाही. शाळा, अन्न, औषधपाणी, घरातले बोलणे बदलते. पेरणाऱ्याच्या दाखल्यात प्रभूने वचनाविषयी शिकवले आहे. पण शेतीचे जे सत्य त्यात आहे ते इथेही खरे आहे. बी एकच होते. वाट, खडक, काटेरी आणि चांगली जमीन या वेगळ्या होत्या.

आपल्या महाराष्ट्रात हे कोणी पाहिले नाही असे नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते डहाणूच्या कोसबाड टेकडीवर नेले. वारली मुले शाळेत येत नाहीत म्हणून ताराबाई आणि अनुताई वाघ शाळाच पाड्याच्या अंगणात घेऊन गेल्या. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातून आला. गुरे राखणारी मुले कुरण सोडून येऊ शकत नाहीत म्हणून कुरणशाळा काढली. पाने, बिया, खडे, शंख-शिंपले हेच शिक्षणाचे साहित्य होते. ‘या मुलांना शिकता येते का’ यावर चर्चा करीत न बसता त्यांनी ‘ही मुले कुठे आहेत’ असे विचारले.

आणि आपल्या पंडिता रमाबाई? १८५८ साली सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे त्यांचा जन्म झाला. बाईच्या डोक्याला संस्कृत झेपत नाही आणि तिला ते शिकवूही नये, असे तेव्हाचे शहाणे म्हणत. वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगरे यांनी, विरोध सोसून पत्नीला शिकवले आणि त्या आईने लेकीला शिकवले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्याच मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. ती बुद्धी रमाबाईंपाशी होतीच, आणि शिकवणारी आईही त्यांना मिळाली. शेजारच्या घरातल्या किती मुलींपाशी बुद्धी होती पण आई शिकलेली नव्हती, ते देवच जाणे.

आमच्या मुलांपाशी काय आहे, तेही सांगते. आठ वर्षांचे पोर चाळीस शेळ्या राखते आणि एक कमी झाली तर न मोजता ओळखते. कुठल्या झाडाचा मोहू आधी गळतो, कुठल्या पाल्याने ताप उतरतो, हे त्याला माहीत असते. ब्राझीलमध्ये रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ विकणाऱ्या मुलांची अशीच पाहणी १९८५ मध्ये छापून आली. गिऱ्हाइकाच्या प्रश्नाला त्यांचे ९८ टक्के हिशेब बरोबर आले. तेच हिशेब कागदावर मांडून दिल्यावर ३७ टक्केच बरोबर आले. २०२५ मध्ये दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांविषयी अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनाही असेच आढळले. उलट, शाळेत जाणाऱ्या मुलांना कागदावरचे जमले पण बाजारातले जमेना. म्हणजे पूल दोन्ही बाजूंनी तुटलेला आहे. तो बांधायचे काम शिक्षकाचे आहे. म्हणून आमच्या ताया बेरीज शिकवताना मोहाच्या बिया आणि शेळ्या घेतात आणि आधी पावरीत बोलतात, मग मराठीत.

एक सावधगिरी

खरे सांगायचे तर सगळेच वाढलेले टिकत नाही. अमेरिकेत मिशिगनमध्ये १९६२ साली गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतल्या १२३ मुलांवर पेरी बालवाडीचा प्रयोग झाला. बालवाडीत गेलेल्या मुलांचा बुद्ध्यंक आधी झपाट्याने वाढला आणि आठव्या-दहाव्या वर्षापर्यंत तो फरक विरून गेला. विरोधक म्हणाले, पैसा फुकट गेला. पण चाळिसाव्या वर्षी पाहिले तर त्यांच्यातल्या जास्त जणांनी शाळा पूर्ण केली होती, त्यांची मिळकत जास्त होती आणि तुरुंगाची वाट धरणारे कमी होते. आकडा विरला, माणूस उभा राहिला. म्हणून आमच्या बालवाडीची परीक्षा दोन-तीन वर्षांच्या गुणांवर करू नका, एवढे मागणे आहे.

दुसरी सावधगिरी अधिक महत्त्वाची. आमच्या एका पाड्यावर एक मुलगा आहे. कितीही मीठ, खेळ, शाळा दिली तरी तो पुस्तक वाचणार नाही. जन्मतःच त्याची वाढ वेगळी आहे. रोज सकाळी बालवाडीची घंटा तोच वाजवतो आणि सगळ्यांना नावाने हाक मारतो. ‘आदिवासी मुले हुशार होऊ शकतात, म्हणून त्यांना मदत करा’ एवढेच मी इथे सांगितले, तर त्या मुलाला मी दाराबाहेर ठेवले असे होईल. देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपाचे निर्माण केले, हे उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात आहे. त्यासाठी कोणती चाचणी घेतल्याचे तिथे लिहिलेले नाही. बुद्धी वाढवायची ती मुलाची किंमत वाढावी म्हणून नाही. ती किंमत आधीच ठरली आहे, आणि वधस्तंभावर चुकती झाली आहे.

ईशज्ञानाची पदविका घेताना लूकच्या दुसऱ्या अध्यायातली एक गोष्ट आमच्या शिक्षकांनी दाखवली होती; पाड्यावर आल्यावर ती मला खरी समजली. प्रभू येशू ज्ञानाने आणि शरीराने वाढत गेला, असे लूक दोनदा सांगतो. ज्याच्याद्वारे सर्व काही निर्माण झाले, त्यानेही देह धारण केल्यावर ज्ञानात वाढणे पत्करले. बारा वर्षांचा असताना तो मंदिरात गुरुजींच्या मध्ये बसला, त्यांचे ऐकले, त्यांना प्रश्न केले. त्याला मरीयेची मांडी होती, योसेफाचे घर होते, नासरेथचे सभास्थान होते. शरीर आणि ज्ञान लूकने एकाच दमात सांगितले आहे. जमैकाच्या त्या मुलांनीही तेच दाखवले.

तलांतांचा दाखला आपण नेहमी ऐकतो. ज्याने आपला एक तलांत जमिनीत पुरला त्याला धन्याने जाब विचारला. आमच्या पाड्यांवर मी पाहते तेव्हा वाटते, या लेकरांनी आपला तलांत पुरलेला नाही. तो त्यांच्या हाती येण्याआधीच इतरांनी पुरला. कधी बिनआयोडीनच्या मिठाने, कधी उसाच्या फडाने, कधी ‘यांना झेपत नाही’ या एका वाक्याने. शिवणकाम, सुतारकाम ही मानाची कामे आहेत. आपला प्रभू सुतार होता. ती जरूर शिकवू. पण मूल ते निवडेल तेव्हा. सहाव्या वर्षीच आपण त्याच्यासाठी ठरवून टाकू नये.

आता तुमच्यापुढे ठेवते

समितीच्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात द्यायचे तर, बुद्धी वाढते, पण तिला लवकर सुरुवात, रोजची सोबत आणि पुष्कळ वर्षे लागतात. म्हणून त्या कुटुंबाला माझी हात जोडून विनंती आहे की, वडिलांची आठवण या तीन कामांतून राहू द्या.

पहिले, बालवाडीताईंचे मानधन. प्रत्येक ताईने आठवड्यातून एकदा तीन वर्षांखालच्या बाळांच्या घरी जायचे, आईबरोबर तासभर बसायचे. बरोबर एक पिशवी. तिच्यात चिंध्यांची बाहुली, डब्याचा खुळखुळा, चित्रांचे पुस्तक, आणि मीठ ठेवायला झाकणाचा डबा.

दुसरे, ऊसतोडीच्या महिन्यांत पाड्यावरच हंगामी वसतिगृह. सहा वर्षांवरची मुले दिवसा शाळेत जातील, संध्याकाळी एकत्र जेवतील आणि रात्री आपल्या आजीकडे किंवा काकाकडे झोपतील.

तिसरे, मुलांच्या बोलीतली आणि मराठीतली छोटी गोष्टीची पुस्तके. पाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेल्या गोष्टी आम्ही लिहून काढू. छपाईचा खर्च तुम्ही उचला.

ज्यांना पैसा देणे शक्य नाही त्यांनी शब्द द्यावा. घरी, शाळेत, शब्बाथ शाळेत कोणत्याही लेकराला ‘ढ’ म्हणणार नाही, असा. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईचे मूल कोपऱ्यात बसलेले असेल तर त्याच्याशी पाच मिनिटे बोला. एखादे पुस्तक हातात द्या.

दिवाळीनंतर ट्रक भरायला लागतील. त्याआधी आम्हाला ठरवायचे आहे की, या वर्षी किती मुलांना मागे ठेवता येईल. त्यासाठी प्रार्थना करा आणि समितीचा निर्णय लवकर कळवा. प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वादित करो. आमेन.